पावसाळ्यात कॅनव्हास का बिघडतो: सुटलेल्या पापुद्र्याची पाठ बघा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ-दहा दिवसांवर आली, घराघरांत भिंती पुसायला घेतल्या, की माझा फोन वाजू लागतो. "सर, चित्राला फोड आलेत." "सर, मागे काळं काळं काहीतरी धरलंय." "सर, कॅनव्हास गोधडीसारखा लोंबतोय." गोव्यात फोंड्याजवळ घराच्या सोप्यावर मी चित्रकलेचा छोटा वर्ग चालवतो, त्यामुळे हे फोन मला येणारच.

तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी निदान बहुतेकांनी आधीच करून ठेवलेलं असतं: रंग हलका लागला. मग पुढच्या खेपेला पणजीहून महागाच्या ट्यूब येतात, नवं चित्र होतं, आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा तोच फोन. रंग वाईट असू शकतो, नाही असं नाही. पण पावसाळ्यानंतर माझ्याकडे आलेल्या चित्रांत खोट बहुतेक वेळा रंगाच्या खाली नाहीतर कापडाच्या मागे सापडली आहे. तिकडे कोणी बघत नाही, कारण चित्र ही पुढून बघायची वस्तू.

गेल्या वर्षी आमच्याच वाड्यावरच्या एका काकींनी बोलावलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या चित्रं काढायला लागल्या. दोन बाय तीन फुटांचं ॲक्रिलिक, संध्याकाळची मांडवी नदी, हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेलं. पाण्याच्या खालच्या कडेला वीतभर लांबीचा उंचवटा आला होता, आतून कोणी बोट लावून धरल्यासारखा. "रंगात हवा शिरली काय रे?" काकींनी विचारलं.

चित्र उतरवून उलटं केलं. चिऱ्याच्या भिंतीवर बरोबर चित्राच्या मापाचा ओलसर चौकोन होता. कापडाला बंद पेटीतल्या घोंगडीसारखा वास येत होता आणि पाठीवर करड्या-काळ्या ठिपक्यांची वर्तुळं, काही रुपयाएवढी. आणि खालच्या पट्टीत, कापड आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत, भिंतीच्या चुन्याचे पोपडे, पालीच्या अंड्यांची टरफलं, एक वाळलेलं झुरळ, आणि चौकटीच्या कोपऱ्यातून निसटून खाली घसरलेली लाकडी पाचर. पुढून दिसणारा उंचवटा म्हणजे ती पाचर. रंगात हवाबिवा काही शिरली नव्हती. चित्र उलटंच आडवं धरलं, जुनं पोस्टकार्ड फटीत सरकवलं आणि सगळा ऐवज एका कोपऱ्याकडे ढकलत बाहेर काढला. उंचवटा निम्मा तिथेच बसला.

खरं दुखणं पुढे निघालं. उजव्या खालच्या कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटायला आले होते. त्यातला एक आपणहून माझ्या तळहातावर पडला.

पापुद्रा फेकू नका

सुटलेला पापुद्रा चिमट्याने उचला, उलटा करा आणि भिंगातून बघा. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून बघा. थर कुठे सुटला हे कळल्याशिवाय कसलाही उपाय करू नये, आणि ते फक्त पापुद्र्याची पाठच सांगते.

पाठ पांढरी असेल आणि तिच्यावर कापडाच्या विणीचे बारीक चौकडे उमटलेले असतील, तर प्रायमरने, म्हणजे रंगाआधी कापडाला दिलेल्या पांढऱ्या अस्तराने, कापड सोडलंय. पाठ गुळगुळीत, रंगाचीच, आणि कॅनव्हासवर पांढरं अस्तर शाबूत असेल, तर रंगाने प्रायमर सोडलाय. कॅनव्हासवर आधीच्या रंगाचा थर तसाच राहिला असेल, तर रंगाच्याच दोन थरांत बिनसलंय. आणि पाठही पांढरी, खालीही पांढरं, बोट फिरवलं की पीठ लागतं, असं असेल तर प्रायमर स्वतःच मधून फाटलाय: त्यात भुकटी जास्त आणि तिला धरून ठेवणारं चिकट द्रव्य कमी.

काकींचं प्रकरण हे शेवटचं. खात्रीसाठी कडेला दुमडलेल्या भागावर, जिथे रंग नव्हता, ओला कापूस अर्धा मिनिट घासला. कापसावर दुधासारखा पांढरा डाग आला. विचारल्यावर कळलं, भिंतीला लावून उरलेलं डिस्टेंपर होतं, तेच दोन हात कापडाला दिलेलं. पांढरं ते पांढरं!

डिस्टेंपर भिंतीवर ठीक, कारण भिंत हलत नाही. कापड रोज हलतं. सुती धागा हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, ऊन पडलं की सोडतो आणि आखडतो. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैच्या सकाळी हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांवर असणं इथे नवलाचं नाही, आणि जानेवारीच्या दुपारी तीच निम्म्यावर येते. एवढ्या झोक्यांत खडूचा ठिसूळ थर किती दिवस कापडाला धरून राहणार?

डिस्टेंपरवरच्या चित्राला औषध नाही, हे काकींना सांगणं जिवावर आलं. चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा आणि नव्या कॅनव्हासवर पुन्हा रंगवा, एवढंच म्हणालो.

घरगुती प्रायमरचं काय

सुतारकामाचा पांढरा डिंक, खडूची भुकटी, थोडं झिंक ऑक्साइड आणि पाणी, हे मिश्रण आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. मीही शिकताना तेच लावलं. स्वस्त पडतं, हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं, आणि सरावाच्या कामाला माझी आजही हरकत नाही. पण हा डिंक सुकल्यावरही पाण्याने पुन्हा मऊ पडतो. कोरड्या गावात हे लक्षातही येणार नाही. इथे ओल्या भिंतीला पाठ लावून चार महिने टांगलेल्या कापडावर तो हळूहळू नरमतो आणि पापुद्र्याच्या पाठीवर विणीचे चौकडे दिसू लागतात. विकायचं किंवा कोणाला भेट द्यायचं चित्र असेल तर तयार ॲक्रिलिक जेसो, म्हणजे कॅनव्हाससाठीचा तयार प्रायमर, घ्या. त्यातलं ॲक्रिलिक एकदा नीट सुकलं की पाण्यात विरघळत नाही.

प्राणिज सरसाचं अस्तर ही युरोपातली जुनी, नावाजलेली रीत. पुस्तकात वाचून कोणी ना कोणी दरवर्षी विचारतं. इथल्या हवेत मी सांगत नाही. सरस ओलावा ओढतो, सैल पडतो, आणि बुरशीला तर ते पंचपक्वान्नच.

पापुद्रे दोन-तीनच असतील आणि चित्र तुमचं स्वतःचं असेल, तर पातळ केलेलं ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेलं नुसतं ॲक्रिलिक) बारीक ब्रशने पापुद्र्याखाली सोडा, वर सिलिकॉनचा बेकिंग पेपर ठेवा आणि एखाद्या पुस्तकाचं वजन रात्रभर. आजोबांच्या वेळचं तैलचित्र असेल, देवघरातली जुनी तसबीर असेल, तर हात लावू नका. ते चित्रसंवर्धकाचं काम. हौसेने लावलेला डिंक सोडवताना मूळ रंगच जातो.

रंगाने प्रायमर सोडला तर

इथे मात्र रंग समजून घ्यावा लागतो. कुठलाही रंग म्हणजे रंगद्रव्याची भुकटी आणि तिला धरून ठेवणारं काहीतरी. तेच अल्ट्रामरीन जवसाच्या तेलात घोटलं तर तैलरंग, ॲक्रिलिकमध्ये मिसळलं तर ॲक्रिलिक, बाभळीच्या जातीच्या डिंकात कालवलं तर जलरंग. भांडण होतं ते धरून ठेवणाऱ्यांत, रंगद्रव्यांत नाही.

ॲक्रिलिकच्या अस्तरावर तैलरंग चालतो. तेलाच्या अस्तरावर ॲक्रिलिक चालत नाही, आज ना उद्या साल निघाल्यासारखं निघतं. ही चूक कॅनव्हासपेक्षा हार्डवेअरच्या दुकानात होते: "प्रायमर द्या" म्हटलं की दुकानदार लाकडाला किंवा लोखंडाला लावायचं तेलाचं प्रायमर हातात ठेवतो. त्याची चूक नाही, त्याच्याकडे प्रायमर म्हणजे तेच. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. पातळ करायला टर्पेंटाइन सांगितलं असेल तर तो डबा ॲक्रिलिकवाल्यांनी तिथेच ठेवावा.

दुसरं कारण पाणी. रंग काटकसरीने पुरवायला मुलं ॲक्रिलिकमध्ये पाणी ओतत जातात. थोडं पाणी चालतं. चहासारखा पातळ केला तर धरून ठेवणारं द्रव्य इतकं विरळ होतं की सुकल्यावर भुकटीच उरते. पातळपणा हवा तर पाण्याऐवजी मीडियम घाला.

पोस्टर कलरने कॅनव्हास रंगवलेला असेल तर काही विचारूच नका. तो कागदाचा रंग, दमट हवेत बोटाला लागतो.

तैलरंगात थरांचं भांडण झालं असेल तर बहुधा खालचा थर तेलकट आणि वरचा रोड असतो. खालचा अजून सुकत, हलत असतो आणि वरचा कडक होऊन भेगाळतो. खाली टर्पेंटाइनने पातळ केलेले हात, वर जाताना तेलाचं प्रमाण वाढतं, हा क्रम मोडू नये. झिंक व्हाइट एकट्याने वापरू नका, त्याचा तैलथर वर्षांनी ठिसूळ होऊन तडकतो. टायटॅनियम घ्या.

"महिना झाला, अजून चिकट आहे"

तैलरंग पाणी उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्यामुळे पंख्याखाली ठेवून कपड्यासारखं वाळवण्याची अपेक्षा धरू नये. खेळती हवा आणि उजेड मात्र हवाच, चित्र कपाटात कोंडून ठेवलं तर आणखी रेंगाळतं. अंबर लवकर सुकतं कारण त्यात मँगनीज असतं. कॅडमियम, आयव्हरी ब्लॅक, अलिझरिन यांना वेळ लागतो. पावसाळ्यात काळ्या सावल्या जाड थापू नका, त्यापेक्षा अंबरमध्ये निळा मिसळून काळोख करा.

वर्गातला एक मुलगा एकदा हिरमुसून आला. होळीला काढलेलं चित्र चवथीलाही ओलं. खूप विचारल्यावर बोलला: जवसाचं तेल संपलं होतं, घरात नारळाचं होतं. आता गोव्याच्या घरात खोबरेल कधी संपत नाही, हे खरं. पण ते सुकणारं तेलच नाही. तेल सुकण्याची ताकद आयोडीन मूल्यावरून कळते: जवसाचं 170 च्या वर, खोबरेलाचं 10 च्या आसपास. ते चित्र दहा वर्षांनीही चिकटच राहील, वर धूळ बसेल ती वेगळी. खरवडून टाकायला लावलं. तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

ॲक्रिलिकचा चिकटपणा निराळा. ते सुकलेलं असतं, पण उष्म्यात मऊ पडतं. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना दोन्हींची कातडी जाते. फुग्याफुग्यांचं प्लास्टिक थेट रंगावर गुंडाळलं तर ते फुगे कायमचे उमटतात. आधी सिलिकॉनचा कागद, मग बाकी सगळं.

सैल पडलेला कॅनव्हास

एकच सांगतो: पावसात पाचर ठोकू नका. जुलैत लोंबणारं कापड बघून हात शिवशिवतो, दोन टोले दिले की ढोलासारखं ताठ होतं, बरं वाटतं. मग डिसेंबरात कोरडा वारा सुटतो, कापड आणि वरचा थर आखडतो, आणि कोपऱ्यांत तिरक्या भेगा जातात. पाठीवर पाणी शिंपडणं हाही असाच उपाय. क्षणभर ताणतं, मग डाग आणि बुरशी. दिवाळी होऊ द्या. हवा कोरडी झाल्यावर अर्धी चित्रं आपणहून ताठ होतात. जी होत नाहीत त्यांची पाचर हळू, थोडी थोडी, चारही कोपऱ्यांत सारखी आत घ्या.

पाचरीच नसलेली, कोपरे खिळ्यांनी जाम केलेली चौकट असेल तर कापड उचकटून पुन्हा ताणण्याशिवाय मार्ग नाही. म्हणून चौकट बनवतानाच मेस्ताला, म्हणजे सुताराला, सांगावं: कोपरे सुटे, पट्ट्या आतल्या बाजूने उतार दिलेल्या, चौकट तीन फुटांहून मोठी असेल तर मध्ये आडवी पट्टी. आणि लाकूड मुरलेलं. मेस्त "बाब, लाकूड एकदम सुकं" म्हणेलच. एक तुकडा मागून तो घरी आठवडाभर ठेवा आणि वाकतो का बघा.

खिळे किंवा स्टेपल पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्या, नाहीतर तांब्याचे बारीक खिळे. साध्या लोखंडी पिना इथल्या खाऱ्या हवेत वर्षभरात गंजतात आणि गंज प्रत्येक पिनेभोवतीचं कापड खातो. काकींच्या चौकटीवर डाव्या कडेला बोट दाबलं तर कापड पिनेपासून बिस्किटासारखं तुटलं.

बुरशी

पांढरट असो वा काळी, ओली असताना पुसायची नाही. पुसली की धाग्यांत शिरते. चित्र आधी इतर चित्रांपासून वेगळं करा, सावलीत, वाऱ्याला, तीन-चार दिवस उभं ठेवा. उन्हात नको. कोरडी झाली की ती भुकटीसारखी होते, मग घराबाहेर, तोंडाला एन 95 मास्क लावून, मऊ ब्रशने झटका. फक्त पाठीच्या उघड्या कापडावर 70 टक्क्यांचं स्पिरिट कापसाने टिपून घेता येतं, आधी कडेला करून बघा. पुढच्या बाजूला स्पिरिट अजिबात नको, ॲक्रिलिक त्यात विरघळतं. ब्लीचचं नाव काढू नका. कापडात मुरलेले काळे डाग राहतील, ते राहू द्यावेत.

आणि चित्र पुन्हा त्याच भिंतीवर टांगायचं नाही, नाहीतर हा सगळा खटाटोप दरवर्षी. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडतो, चिरा पाणी पितो, म्हणून दक्षिण-पश्चिमेची बाहेरची भिंत सर्वांत ओली. जुने लोक घराच्या त्या अंगाला झापं बांधायचे ते उगीच नाही. चित्र आतल्या भिंतीवर न्या. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत बोटभर हवा खेळते. पाठीला कोरुगेटेड प्लास्टिकचा पत्रा स्क्रूने बसवा. ओलावा झटक्याने आत जात नाही आणि पालीलाही अंडी घालायला दुसरी जागा शोधावी लागते.

आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र खोलीत ठेवा. काटा आठवडाभर 70 च्या वर दिसला की चित्रांच्या पाठी तपासायला घ्यायच्या.

नवा कॅनव्हास मी कसा तयार करतो

शक्यतो मार्च-एप्रिलमध्ये, वर्षभराचे एकदम. कापड 10 औंसाचं सुती, म्हणजे चौरस मीटरला साधारण 340 ग्रॅम. बाजारातले तयार स्वस्त कॅनव्हास यापेक्षा बरेच पातळ असतात, उजेडासमोर धरले की पलीकडचा हात दिसतो. धागे चौकटीला समांतर धरून आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग मधून कोपऱ्यांकडे, समोरासमोर. जेसो पातळ, तीन हात. पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून. पहिल्या हातात चवथा हिस्सा पाणी, त्याहून जास्त नाही. वर तैलरंग यायचा असेल तर शेवटच्या हातानंतर किमान तीन दिवस थांबतो. पावसात करावंच लागलं तर आठवडा.

तयार कॅनव्हास आणला तरी त्यावर एक हात स्वतःचा देतो. पाण्याचा थेंब टाकून बघा: लगेच शोषला तर अस्तर भुकेलं आहे, मण्यासारखा घरंगळला तर त्यावर तेल किंवा मेण आहे. थोडा वेळ थांबून पसरणारा थेंब चांगला.

ट्यूब घेताना पुढच्या नावापेक्षा मागचं बारीक अक्षर, म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा संकेत, वाचा. पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीबी 29 अल्ट्रामरीन. नावापुढे "ह्यू" असेल तर ते रंगद्रव्य आत नाही, त्याच्यासारखं दिसणारं मिश्रण आहे. पीआर 83, म्हणजे खरं अलिझरिन, उजेडात उडतं, खिडकीसमोरच्या चित्रात नको. पीआर 101 आणि 102 ही लोखंडाची तांबडी मात्र हलत नाहीत. आपल्या चिऱ्याची तांबडी तीच. देवळांच्या भिंतींवरची कावी बघा, चुन्याच्या गिलाव्यावरचा तांबडा थर खरवडून काढलेली, पिढ्यान्पिढ्या पाऊस बघूनही लाल.

काकींनी डिसेंबरात मांडवी पुन्हा रंगवली, जेसो दिलेल्या कॅनव्हासवर. आकाश पहिल्यापेक्षा बरं साधलंय. यंदा ते चित्र आतल्या भिंतीवर आहे, मागे बुचाचे चार तुकडे. जुनी चौकट चांगली होती म्हणून तीच वापरली, आणि ती घसरलेली पाचर भोक पाडून नायलॉनच्या दोऱ्याने कोपऱ्याला बांधून टाकली.